सुई टोचल्यावर बोट पिळू नये
वर्सोव्यासारख्या किनाऱ्यावर कचरा उचलताना वाळूत दडलेली इंजेक्शनची सुई टोचली, तर बोट पिळून रक्त काढले की संसर्ग टळतो, हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे आणि तो चुकीचा आहे. पिळल्याने जखमेला आणखी इजा तेवढी होते. जखम चोखू नये; ती वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि लगेच रुग्णालय गाठावे, कारण डॉक्टरांना एचआयव्ही प्रतिबंधक औषधांची गरज वाटलीच, तर ती शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. अशा सुईतून एचआयव्ही होण्याचा धोका फारच कमी असतो, हे घाबरलेल्या स्वयंसेवकाला आवर्जून सांगावे. हिपॅटायटिस बीचा विषाणू मात्र शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो, म्हणून त्याची लस आधीच घेतलेली बरी. पातळ रबरी हातमोज्यातून सुई सहज आरपार जाते, तेव्हा ती चिमट्यानेच उचलावी.