आपण वाचलो म्हणून आभार आणि त्यांच्याबद्दल आभार

नोव्हेंबरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या रविवारी जगभरातल्या ख्रिस्ती मंडळ्या श्रद्धेपायी छळ सोसणाऱ्या विश्वासणाऱ्यांसाठी प्रार्थना करतात. सांगली-मिरजेकडच्या एखाद्या उपासनेत त्या दिवशी कान देऊन बसलं, तर एकाच प्रार्थनेत दोन उपकारस्तुती ऐकू येतात. ‘प्रभू, आम्हाला मोकळेपणी तुझं नाव घेता येतं, आमच्या दारावर कुणी दगड मारत नाही, म्हणून तुझे उपकार मानतो.’ आणि लगेच पुढं, ‘त्या बंधुभगिनींच्या विश्वासाबद्दल तुझे उपकार मानतो.’ मग अर्पणाची थैली फिरते. त्यातली कुठली नोट पहिल्या आभारातून आली आणि कुठली दुसऱ्या, हे पंचांनासुद्धा मोजताना कळत नाही. दोन्ही आभार मनापासूनचे असतात, म्हणूनच ते एकमेकांत मिसळून जातात.

पहिल्या आभारात चूक काही नाही. राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा, म्हणजे आपल्याला शांततेनं जगता येईल, असं प्रेषित पौलानं आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलंच आहे. शांतता मिळाली तर तिच्याबद्दल देवाचे आभार मानायलाच हवेत. अडचण वेगळीच आहे. या आभारात समोरचा माणूस आपल्या सुखाचं माप होऊन बसतो. त्याचं घर जळलं म्हणून आपलं शाबूत घर डोळ्यांत भरतं. त्याचे हाल जितके जास्त, तितके आपले आभार मोठे. लूकच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे कर्मठ धर्मपंथातला माणूसही, मंदिरात उभा राहून देवाचे आभारच मानत होता, इतरांसारखा आपण नाही म्हणून. इतक्या टोकाला आपण जात नाही, पण वाट तिकडेच उतरते. आणि या आभारातून निघालेलं दान एका रविवारी संपतं, कारण सुटल्याचा भाव फार दिवस टिकत नाही.

दुसरे आभार कसे असतात, ते थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच दिसतं. ती मंडळी छळात होती. पौल त्यांची कीव करत नाही. तुमच्याबद्दल देवाचे आभार मानणं आम्हाला भागच आहे, असं तो म्हणतो, कारण तुमचा विश्वास वाढतो आहे, आणि इतर मंडळ्यांत आम्ही तुमचा अभिमान सांगतो. इथं छळ सोसणारा माणूस देणारा आहे. त्याच्याकडून काहीतरी आपल्यापर्यंत पोचलंय.

हे मान्य केलं की दानाची दिशाच फिरते. यरुशलेमच्या मंडळीसाठी पौलानं वर्गणी गोळा केली, ती गोष्ट या दृष्टीनं पुन्हा वाचावी. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याला दगडमार झाल्यावर ती मंडळी पांगली होती, पुढं रोमी सम्राट क्लौद्य कैसराच्या काळात दुष्काळ पडला, आणि तिथले पवित्र जन हलाखीत होते. त्यांच्यासाठी ग्रीसच्या उत्तरेकडच्या मासेदोनियातल्या मंडळ्यांनी दिलं. मासेदोनियाकरांकडे तरी काय होतं? करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल सांगतो की ते स्वतःच संकटात आणि पराकाष्ठेच्या गरिबीत होते, तरी या सेवेत आम्हालाही वाटा द्या म्हणून विनवण्या करत होते. सुटल्याच्या आनंदातून ते देत नव्हते, ते सुटलेलेच नव्हते. रोमकरांस पत्रात तो कारण सांगतो: यरुशलेमकरांच्या आत्मिक संपत्तीत परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, वाटा मिळाला, म्हणून ते त्यांचे ऋणी आहेत. म्हणजे पैसे पाठवणारा कर्जदार आणि घेणारा सावकार. मदतीच्या आवाहनांत हा हिशेब मला क्वचितच दिसतो, आणि त्याची खंत वाटते.

सांगलीकरांना हा फरक घेणाऱ्याच्या बाजूनंही ठाऊक आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या पुढं गेली, तेव्हा राज्यभरातून मदत आली. काहींनी घरातले नको झालेले कपडे गाठोडी बांधून पाठवले. काहींनी आधी फोन करून विचारलं, काय पाहिजे? आणि मग पिण्याचं पाणी, औषधं, जनावरांना चारा, गाळ काढायला खोरी-झाडू आणले. दोघांनाही आपली दया आली होती. पण दुसऱ्यांनी आपल्याला माणूस म्हणून विचारलं.

ऋणाची गोष्ट आपल्या भागात तर घरचीच आहे. मिरजेत १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी रुग्णालय उभं केलं, त्यासाठी अमेरिकेतल्या ज्यांनी पैसे दिले त्यांतल्या बहुतेकांनी मिरज कधी पाहिलीच नसणार. कवी नारायण वामन टिळकांचा १८९५ मध्ये बाप्तिस्मा होऊन ते ख्रिस्ती झाले, तेव्हा घर फुटलं, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढं शेवटच्या वर्षांत टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची संगत मांडली. त्यांची पदं आपण आजही दर रविवारी टाळ-पेटीवर म्हणतो. त्या पदांची किंमत कुणी मोजली, हे आठवलं की मार खाणारा विश्वासणारा लांबचा राहत नाही.

व्यवहारात फरक कुठं कुठं पडतो? पैशांत पडतो. करिंथकरांना पौलानं सांगितलं होतं, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं ऐपतीप्रमाणं बाजूला काढून ठेवावं, मी आल्यावर धावपळ नको. रक्कम न्यायला मंडळ्यांनी पारखलेली माणसं सोबत घेतली, कुणी बोट दाखवू नये म्हणून. आजच्या भाषेत सांगायचं तर दरमहा ठरलेली रक्कम, न्यासाच्या खात्यातून, पावतीसकट.

फोटोंत त्याहून जास्त पडतो. पहिल्या आभाराला रडणारा चेहरा लागतो, त्याशिवाय मन हलत नाही. म्हणून नाव-गावासकट फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात, आणि ज्याला लपून राहायचंय त्याचाच पत्ता गावभर होतो. इब्री लोकांस पत्र सांगतं की बंदिवानांची आठवण अशी ठेवा, जणू तुम्हीही त्यांच्याबरोबर बंदीत आहात. तुरुंगातला माणूस आपलाच फोटो वाटत फिरेल का?

आणि जवळचा माणूस. ओडिशातल्या कंधमालसाठी आपण देतो, द्यायलाच हवं. २००८ मध्ये ख्रिस्ती लोकांवरच्या हल्ल्यांमुळं तिथल्या हजारो कुटुंबांनी जंगलात आणि मदत छावण्यांत दिवस काढले. पण आपल्याच तालुक्यात एखाद्या कुटुंबाला भावकीनं वाळीत टाकलं, दुकानदार किराणा देईना, ऊसतोडीला कुणी घेईना, तर ‘आपण वाचलो’ म्हणणारे आभार तिथं हमखास गप्प बसतात, कारण मध्ये पडलो तर आपण वाचणार नाही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तो ख्रिस्ती माणसापुरता नाही, वाळीत पडलेल्या कुणालाही लागू आहे, आणि गलतीकरांस पत्रही सर्वांचं बरं करा असंच सांगतं, विश्वासाच्या घराण्यातल्यांचं विशेषकरून. पोलीस ठाण्यात सोबत जाऊन बसणं, महिन्याचा किराणा भरून देणं, शेतात रोजगार देणं, ही त्या थैलीत न मावणारी अर्पणं.

एक गोष्ट मात्र बहुतेक मंडळ्यांकडून राहून जाते. वर्गणीचा शेवट पौल पैशांवर करत नाही. यरुशलेमकर तुमच्यासाठी प्रार्थना करतील, तुमच्या भेटीची त्यांना ओढ लागेल, असं तो करिंथकरांना लिहितो. तेव्हा यंदा रक्कम पाठवताना सोबत एक पत्रही जावं: आमच्याकडं तरुण मुलं उपासनेला येत नाहीत, दोन घरांतले भाऊ जमिनीवरून बोलत नाहीत, पाळकसाहेबांची तब्येत बरी नाही, आमच्यासाठी प्रार्थना करा. आणि त्यांचं उत्तर आलं की ते पुढच्या रविवारी सूचनांच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवावं, नावं गाळून.