ले-आउट फेजमध्ये करायचाय? मग नकाशा आख्ख्या जमिनीचा आणा

जमीन मोठी आहे, सगळे प्लॉट एकदम पाडायचे नाहीत, आधी रोडलगतचा भाग विकू आणि त्या पैशातनं मागचा भाग डेव्हलप करू असा ज्यांचा हिशोब आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. ले-आउट म्हणजे प्लॉट, रस्ते पाडलेला जमिनीचा नकाशा, तो करून मंजुरीला टाकायचं काम आमचं. आठवड्यातनं दोनतीनदा तेच बोलणं होतं, म्हटलं एकदाच लिहून ठेवावं. सातबारा, झोन दाखला, मोजणीची क प्रत हे तुम्हाला माहितीच आहे, त्यात जात नाही.

फेज पाडायला आमची काहीच ना नाही. घोळ होतो तो लोक फक्त पहिल्या फेजचा तुकडा घेऊन येतात तेव्हा. "मागच्याचं मागाहून बघू हो, आत्ता एवढंच टाका." आम्ही नाही म्हटलं की समोरच्याला वाटतं, फी वाढवायला बघतायत. तसं नाहीये, हे बघा.

समजा पुढच्या भागातला आतला रस्ता १४० मीटर लांब आहे. २०२० च्या युडीसीपीआर म्हणजे राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे आतल्या रस्त्याची रुंदी त्याच्या लांबीवर ठरते, १५० मीटरपर्यंत ९ मीटर चालते, त्याच्या पुढे ३०० पर्यंत १२ लागते आणि त्याहून लांब असला तर १५. म्हणजे पहिली फेज ९ मीटरवर आरामात मंजूर होते, दोन्ही बाजूचे प्लॉट विकले जातात, लोक कंपाउंड घालतात, एखादा नारळ पण लावतो. मग तीन वर्षांनी मागचा भाग घेऊन गेलात की नगररचनावाले तोच रस्ता पुढे नेऊन मोजतात आणि तो होतो २८० मीटर. आता १२ मीटर पाहिजे. वाढीव ३ मीटर आणायचे कुठून, त्या नारळवाल्याच्या अंगणातनं? आमच्याकडे एक गृहस्थ नेमकी हीच केस घेऊन आले होते, पहिली फेज त्यांनी दुसरीकडनं केलेली, मागच्या जमिनीला दुसऱ्या बाजूने रस्ता मिळतो का हे बघण्यातच त्यांचं वर्ष गेलं. सुरुवातीलाच आख्खी जमीन कागदावर असती तर १२ मीटरचा रस्ता पहिल्या दिवशीच धरला असता, प्रत्येक प्लॉटची खोली दीडेक मीटरने कमी झाली असती, बास.

आणि तेव्हा नकाशा बदलून घेऊ म्हणाल तर तेही सोपं नाही. प्रोजेक्ट रेरात, म्हणजे घर-प्लॉट घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली नोंदलेला असेल, आणि ५०० चौ.मी. च्या वरचे बहुतेक असतातच, तर कलम १४ प्रमाणे मंजूर ले-आउट बदलायला दोनतृतीयांश प्लॉटधारकांची आधी लेखी संमती लागते. रेरा प्रत्येक फेज वेगळा प्रोजेक्ट धरतं हे खरं, पण रस्ता आणि ओपन स्पेस, म्हणजे सगळ्यांसाठी सोडलेली मोकळी जागा, लोकांनी प्लॉट घेताना नकाशात बघितलेली असते, ती सहजासहजी कोण सोडेल.

ओपन स्पेसचं पण तसंच. ४,००० चौ.मी. किंवा जास्त जमिनीला १० टक्के सोडावी लागते. काहीजण ती चुकवायला सातबारा फोडून आणतात. फेरफार बघितले की तपासणाऱ्याला सगळं कळतं, उगाच फाईल संशयात जाते. त्यापेक्षा एकूण जमिनीची १० टक्के कुठे आणि किती ते आधीच ठरवा, म्हणजे प्रत्येक फेजला चतकोर तुकडे सोडत बसायला लागत नाही.

आता "साठ दिवसात उत्तर नाही आलं तर मंजूरच ना?" हा प्रश्न. एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ४५ मध्ये ६० दिवस आहेत, पण नगररचनावाल्यांनी क्वेरी (शंका, त्रुटी) काढली आणि तुम्ही उत्तर दिलं की ते दिवस उत्तर पोचल्या तारखेपासून परत मोजतात. शिवाय मंजूर समजायचं ते नियमात बसत असेल तरच. म्हणून आम्ही एक महिना जास्त घेतो पण क्वेरी कमी येतील अशी फाईल टाकतो, अर्धवट टाकून लवकर इनवर्ड नंबर दाखवणं आम्हालाही जमतं की. आणि परवानगी मिळाली की ड्रॉवरमध्ये ठेवू नका, ती एक वर्षाची असते, दरवर्षी वाढवत एकूण चार वर्षं, तेवढ्यात काम सुरू झालं नाही तर परत पहिल्यापासून.

टेन्टेटिव्ह (फायनलच्या आधीच्या, तात्पुरत्या) मंजुरीवर प्लॉट विकू नका हे तर दरवेळी सांगतो. जागेवर डिमार्केशन (हद्दींची आखणी) होऊन मोजणी झाली की आकडे थोडे हलतात, फायनल मंजुरीत प्लॉट १५० चौ.मी. चा १४६ होऊ शकतो, मग घेणारा तुमच्याकडे येतो आणि तुम्ही आमच्याकडे.

तर पहिल्या भेटीला येताना आख्ख्या गटाचा मोजणी नकाशा आणा, शेजारच्या गटांत कुठे रस्ता आखलाय का तेही विचारून या, आणि पावसाळ्यात पाणी कुठनं येतं, कुठे साठतं याचे मोबाईलवर काढलेले दोनचार फोटो आणा. नाला नकाशात बारीक रेघ असतो, जागेवर भलताच निघतो. मागच्या फेजचं काय करायचं ते पक्कं ठरलेलं नसलं तरी चालेल, वहीच्या पानावर पेनने काढून आणा, एकत्र बसून मास्टर ले-आउट करू आणि त्यातनं पहिली फेज कुठे तोडायची ते त्याच बैठकीत ठरवू.