‘रादर’च्या आधीचा ‘रेद’

इंग्रज कवी मिल्टनच्या ‘लिसिडस’ या शोककाव्यात फुलांचा एक प्रसिद्ध तुकडा आहे. ऑगस्ट १६३७ मध्ये आयरिश समुद्रात जहाज बुडून एडवर्ड किंग हा केंब्रिजचा तरुण गेला. त्याच्या शवपेटीवर वाहायला कवी फुलं मागवतो. (देह समुद्रातच राहिला, त्यामुळे ही पेटीही मनातलीच.) त्यात पहिलं नाव येतं ‘रेद प्रिमरोज’चं. प्रिमरोज कळतं, पण ‘रेद’पाशी इंग्रजीत एम.ए. केलेला माणूसही अडखळतो.

हे विशेषण आर-ए-टी-एच-ई असं लिहितात. अर्थ: लवकर येणारं, हंगामाच्या तोंडालाच उमलणारं. एरवी ते कुठे भेटत नाही, पण त्याचं पुढचं रूप आपण सर्रास वापरतो, ते म्हणजे ‘रादर’. रेद म्हणजे लवकर आणि रादर म्हणजे त्याहून लवकर, इतका हा सरळ हिशेब होता. शाळेत ‘वुड रादर’ची वाक्यं घोटून घेतली, तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. आई मागे पडली आणि लेक घराघरात पोचली, असा प्रकार.

‘लवकर’चं ‘त्यापेक्षा बरं’ कसं झालं, हे समजायला मराठी माणसाला फार लांब जावं लागत नाही. ‘आधी लगीन कोंढाण्याचं, मग रायबाचं’ या वाक्यातला ‘आधी’ नुसता तारखेचा नाही; काय जास्त महत्त्वाचं, तेही तोच सांगतो. जे आधी करावंसं वाटतं, तेच जास्त हवं असतं. ‘रादर’ही याच वाटेने गेला, आणि एकदा पसंतीच्या कामाला लागल्यावर काळाशी असलेलं त्याचं नातं लोक विसरले.

त्याही मागे गेलं तर जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘वेगवान’ असा होता. आइसलँडिकमध्ये द्रुतगती मार्गाला जो शब्द आहे, त्याची सुरुवात याच्याच भाऊबंदाने होते. इंग्रजीत मात्र वेगाचं काम ‘क्विक’ने घेतलं, जो आधी फक्त ‘जिवंत’ या अर्थाचा होता. लवकरपणाचं काम ‘अर्ली’कडे गेलं. रेदच्या हाती काही उरलं नाही.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस, कवी चॉसरच्या काळात, तो अजून बोलण्यातला होता. त्याच्या ‘मिलर्स टेल’ या पद्यकथेत ॲब्सोलॉन नावाचा तरुण अपरात्री लोहाराचं दार ठोठावतो. नांगराची अवजारं घडवत बसलेला जर्व्हिस चकित होऊन विचारतो, अरे, इतक्या ‘रेद’ कसा काय उठलास? इथे तो क्रियाविशेषण आहे, आणि तोही लोहाराच्या तोंडी. त्यात कवितेचा साज अजिबात नाही.

दोनशे वर्षांनी चित्र पालटलं. कवी स्पेन्सरच्या १५७९ च्या ‘शेफर्ड्स कॅलेंडर’ या काव्यात, फेब्रुवारीच्या भागात, थंडीने गारठलेली ‘रादर’ कोकरं येतात. पुस्तकाला ‘ई. के.’ या आद्याक्षरांनी लिहिलेल्या टिपा आहेत आणि तिथे खुलासा केला आहे: वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली कोकरं. छापून आलं तेव्हाच टीप द्यावी लागली, म्हणजे शहरी वाचकाला हा अर्थ परका झाला होता. स्पेन्सरने तो मुद्दामच काढला होता. जुने आणि गावाकडचे शब्द वेचणं हा त्याचा छंदच.

गावाकडे, विशेषतः फळांच्या बाबतीत, ‘रेद-राइप’ म्हणजे लवकर पिकणारं, हे पुढेही बराच काळ चाललं. याला मराठीत नेमका शब्द आहे. कोकणात लवकर तयार होणाऱ्या भाताला हळवं म्हणतात आणि उशिराच्याला गरवं. ‘रेद’चं भाषांतर मला करायला सांगितलं तर मी ‘शीघ्र’ वगैरे लिहिणार नाही, ‘हळवं’च लिहीन. मिल्टनच्या ओळीत तर ते दोन्ही अर्थांनी बसतं.

त्या ओळीचा कच्चा मसुदा केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. फुलांचा हा सगळा तुकडा मिल्टनने मागाहून घातला. आधी त्याचं प्रिमरोज ‘अविवाहित’ मरत होतं. शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’मध्येही प्रिमरोज लग्नाविनाच मरतात, तेव्हा उसनवारी उघड होती. मग त्याने ते खोडून ‘टाकलेलं’ अशा अर्थाचा शब्द घातला. ‘रेद’ला मात्र हात लावला नाही. खरं तर प्रिमरोज या नावातच ‘पहिलं’ दडलेलं आहे, म्हणजे ही द्विरुक्तीच. तरी ती खटकत नाही, कारण वेळेआधी आलेलं आणि वेळेआधी गेलेलं, हाच त्या कवितेचा विषय.

पण या ओळीने शब्दाचं भलं केलं, असं मला वाटत नाही. त्यानंतर ‘रेद’ म्हटलं की प्रिमरोज, एवढंच समीकरण पुष्कळांच्या डोक्यात बसलं. कवी टेनिसनने तो १८५० च्या ‘इन मेमोरियम’ या काव्यात कोवळ्या वयासाठी वापरला, आणि १८५९ च्या काव्यात त्याची नायिका इलेन ‘रेद’ उठली, म्हणजे पहाटेच. क्रिया तीच, पण लोहाराच्या तोंडी जे रोजचं होतं ते आता पोशाखी झालं होतं.

अमेरिकेत मात्र लवकर पिकणाऱ्या पीचला ‘रेद-राइप’ या जुन्या जोडशब्दाचंच नाव राहिलं. फक्त ‘रेद’ कुणाला कळेनासा झाल्यावर लोकांनी त्याचं ‘रेअर’ केलं आणि फळ ‘रेअरराइप’ झालं.