डोळा आणि आठवण: एका जनुकीय भावकीची पार्श्वभूमी

पुण्यात डोळ्यांच्या ओपीडीत नवा पेशंट गेला की फॉर्म भरणारी ताई बहुतेक वेळा विचारते, "घरात कोणाला काचबिंदू?" शनिवार पेठेतल्या आजी असोत की पिंपळे सौदागरच्या इंजिनिअरचे वडील, उत्तर तयार असतं: "आमच्या मोठ्या काकांना होता." घरात कोणाला विसरण्याचा आजार होता का, हे तिथे कोणी विचारत नाही. विचारलंच तर "वयच झालं होतं हो त्यांचं" किंवा "साठी बुद्धी नाठी" एवढ्यावर विषय मिटतो. आता घरपोच जनुकचाचणीच्या रिपोर्टमध्ये मात्र डोळ्यांचे आणि विसरण्याचे आजार एकाच पानावर येऊ लागले आहेत. ते एका पानावर कसे आले, याची गोष्ट बरीच वळणावळणाची आहे.

हर्मान फॉन हेल्महोल्ट्झने १८५१मध्ये डोळ्याच्या आत बघायचं उपकरण बनवलं आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा (रेटिना) पहिल्यांदा नीट दिसू लागला. चारच वर्षांनी, १८५५मध्ये, डच वैद्य डॉन्डर्सने म्हाताऱ्या डोळ्यांच्या पडद्याखाली साठलेल्या पिवळसर गुठळ्यांचं वर्णन केलं. त्यांना आज ड्रुझेन म्हणतात. पीतबिंदूची, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाची झीज, म्हणजेच वाचताना मधलाच शब्द पुसट दिसणारा वार्धक्यातला आजार, या गुठळ्यांपासून सुरू होतो. पुढे १९०१मध्ये फ्रँकफर्टच्या इस्पितळात आठवण हरवत चाललेली ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिच्या मृत्यूनंतर डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे काप तपासले आणि नोव्हेंबर १९०६मध्ये ट्युबिंगनच्या सभेत तिथल्या गुठळ्या नि गुंते मांडले. विसरण्याच्या या आजाराला पुढे त्यांचंच नाव मिळालं. गुठळी इकडेही, गुठळी तिकडेही. पण डोळ्याचे डॉक्टर वेगळे, मेंदूचे वेगळे, त्यामुळे पाऊणशे वर्षं दोघांची गाठ पडली नाही.

खरं तर पडदा हा मेंदूचाच तुकडा आहे. गर्भात मेंदूतून एक फुगवटा बाहेर येतो आणि त्याचाच पुढे पडदा होतो. १९८६मध्ये अमेरिकेतल्या एका चमूने अल्झायमरच्या मृत रुग्णांच्या दृष्टिनसा तपासल्या आणि त्यांतले तंतू झडल्याचं दाखवलं. २००२मध्ये ड्रुझेनमध्ये अमायलॉइड-बीटा सापडलं, म्हणजे अल्झायमरच्या गुठळ्यांत असतं तेच प्रथिन. मग साहजिकच वाटलं की मूळ जनुकही एकच असणार.

इथेच गोष्ट फिरली. १९९३मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी एपीओई या जनुकाचं अल्झायमरशी असलेलं नातं दाखवलं होतं. कोलेस्टेरॉलची ने-आण करणारं प्रथिन बनवणाऱ्या या जनुकाचे ई-२, ई-३ आणि ई-४ असे तीन प्रकार असतात. आईकडून एक, वडिलांकडून एक, अशा दोन प्रती प्रत्येकाकडे असतात. उतारवयातल्या अल्झायमरच्या ज्या कुटुंबांचा तेव्हा अभ्यास झाला, त्यांत ई-४ची एकही प्रत नसलेल्यांपैकी २० टक्क्यांना आजार झाला होता, तर दोन्ही प्रती ई-४ असलेल्यांपैकी ९० टक्क्यांना. आजार सुरू होण्याचं सरासरी वयही ८४वरून ६८वर आलं होतं. (ही आधीच आजार असलेली घराणी होती. हे आकडे सरसकट कुणालाही लावू नयेत, आणि नेमकं तेच केलं जातं.)

पाच वर्षांनी, १९९८मध्ये, हेच जनुक पीतबिंदूच्या रुग्णांत तपासलं गेलं. रॉटरडॅमच्या अभ्यासात ई-४ असलेल्यांना पीतबिंदूची झीज कमी आढळली. मेंदूला जो प्रकार बाधतो तोच डोळ्याला राखतो, आणि मेंदूला राखणारा ई-२ डोळ्याला थोडा जड जातो, असं चित्र नंतरच्या अभ्यासांतूनही दिसत राहिलं. जनुक एकच, कौल उलटा. म्हणूनच मला याला नातं म्हणण्यापेक्षा भावकी म्हणावंसं वाटतं: आडनाव एक, सातबारा एक, पण बांधावरून भांडण.

२००५मध्ये पीतबिंदूचं स्वतःचं मोठं जनुक हाती लागलं. अवघे ९६ रुग्ण आणि ५० निरोगी माणसं घेऊन केलेल्या एका अभ्यासाने, आणि त्याच सुमारास आणखी दोन चमूंनी, सीएफएचवर बोट ठेवलं. शरीराच्या रोगप्रतिकाराची जी शाखा जंतूंवर तुटून पडते, तिचा ब्रेक हे जनुक बनवतं. हा ब्रेक सैल पडला की पडदा आपल्याच संरक्षकांच्या तावडीत सापडतो. पुढच्याच वर्षी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेतल्या संशोधकांनी भारतीय रुग्णांतही हा दुवा दाखवला. २००९मध्ये अल्झायमरच्या यादीत सीआर-१ हे जनुक आलं, तेही याच शाखेतलं. म्हणजे जनुकं दोन, पण खातं एकच.

काचबिंदूची गोष्ट याहून वेगळी आणि, माझ्या मते, जास्त बोलकी. २००२मध्ये ऑप्टिन्युरिन या जनुकातला दोष काही घराण्यांतल्या काचबिंदूला कारण ठरला. हा काचबिंदू डोळ्याचा दाब न वाढताच नस खाणारा. २०१०मध्ये जपानी संशोधकांना त्याच जनुकातले दुसरे दोष एएलएस या स्नायू लुळे पाडणाऱ्या मज्जासंस्थेच्या आजारात सापडले. या आजाराची फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाशी जवळीक आहे. या डिमेन्शियात आठवणीआधी स्वभाव बदलतो. सरळमार्गी माणूस चारचौघांत नको ते बोलायला लागतो, गोडावर तुटून पडतो.

ऑप्टिन्युरिनचं काम पुणेकराला लगेच कळेल. पेशीतला खूण केलेला कचरा पकडून घंटागाडीत टाकायचा. त्याच्यावर एक मुकादम असतो, टीबीके-१ नावाचा. तो शिट्टी मारतो तेव्हा ऑप्टिन्युरिनची पकड घट्ट होते. २०११मध्ये काचबिंदूच्या एका घराण्यात या मुकादमाच्या जनुकाची जादा प्रत सापडली. २०१५मध्ये एएलएस आणि फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात त्याची एक प्रत निकामी झालेली आढळली. मुकादम जास्त झाला तर डोळा जातो, कमी पडला तर मेंदू. पुन्हा तोच उलटा कौल. अर्थात ही घराणी दुर्मिळ आहेत. मोठ्या काकांचा नेहमीचा काचबिंदू या जनुकांमुळे होता, असं धरायला काही आधार नाही.

यातलं बरंचसं संशोधन युरोपीय वंशाच्या लोकांवरचं. आपल्याकडे हरियाणातल्या बल्लभगडमध्ये झालेल्या भारत-अमेरिका अभ्यासात ई-४चं प्रमाण अमेरिकेतल्या गटापेक्षा कमी निघालं, सुमारे ७ टक्के, तिकडे ११. पण ज्यांच्याकडे ते होतं त्यांचा अल्झायमरशी संबंध तितकाच पक्का होता. आपल्या जातीपातींतल्या लग्नगाठींनी जनुकांचे वेगवेगळे कप्पे केले आहेत. डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे यांनी माणसांची मापं घेत नि नातीगोती नोंदवत याच प्रश्नाचा माग काढला होता. आता १०,००० भारतीयांचे जनुकसंच वाचणाऱ्या जीनोम इंडिया प्रकल्पात पुण्याची आयसर ही विज्ञानसंस्थाही आहे. त्याचा साठा जानेवारी २०२५मध्ये संशोधकांसाठी खुला झाला.

पुण्याचा आणखी एक आकडा या विषयात सहसा कोणी आणत नाही, पण मला तो आणावासा वाटतो. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातले ४४१ पुरुष तपासले. २००६मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के जणांत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात तर त्याहून जास्त. बी-१२ फार कमी झालं की दृष्टिनसही सुकते आणि आठवणही. एकाच घरात वडिलांना नि मुलाला हे दिसलं, तर ते जनुकांतून आलं असेलच असं नाही. स्वयंपाकघर एक असतं.