पीएलमध्ये कट्टा बंद करायचा का?

पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागली की हॉस्टेलवर पहिला बळी कट्ट्याचा जातो. मेसमधलं ताट खोलीत येतं, संध्याकाळचा चहा बंद होतो, कुणाचा वाढदिवस असला तर "पेपर संपल्यावर बघू." मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवते आणि दर सेमिस्टरला हे बघते. बघताना जीव तुटतो, कारण दुसऱ्या वर्षाला मीही हेच केलं होतं. अठरा दिवस मैत्रिणींशी धड बोलले नाही, तीन वेळा नाइट मारली. आणि एम-थ्रीच्या, म्हणजे गणिताच्या पेपरला लाप्लासची सूत्रं, जी झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगितली असती, काही केल्या आठवेनात. पेपर देऊन घरी गेले, जेवले, पडले, आणि संध्याकाळी एकेक करत सगळी आठवली.

अभ्यास कमी पडला, असं सगळे म्हणाले आणि मलाही तेव्हा पटलं. पण अभ्यास झाला होता; अडलं होतं ते आठवण्यापाशी. साठवणं आणि आठवणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत आणि ताणाचा घाव दुसऱ्यावर जास्त बसतो. 2000 साली झ्युरिकमधल्या एका प्रयोगात लोकांना शब्दांची यादी दिली आणि दुसऱ्या दिवशी ते शब्द आठवायला लावले. काहींना कॉर्टिसोनची 25 मिलिग्रॅमची गोळी पाठांतराआधी दिली, काहींना पाठांतर संपल्यावर लगेच, तर काहींना आठवण्याच्या तासभर आधी. या गोळीचं शरीरात कॉर्टिसॉल होतं, म्हणजे आपण ताणाखाली असतो तेव्हा रक्तात वाढणारं संप्रेरक. पहिल्या दोन वेळांना फरक पडला नाही. तिसऱ्या वेळी मात्र आठवलेले शब्द घटले. त्याआधी 1998 मध्ये उंदरांवर असाच प्रयोग झाला होता. पाण्यातली पायरी कुठे आहे हे शिकलेल्या उंदरांना विजेचा सौम्य झटका दिला. अर्ध्या तासाने तपासले ते उंदीर चुकले, चार तासांनी तपासले त्यांना जागा नीट आठवत होती. हे वाचलं तेव्हा मला माझी ती संध्याकाळ आठवली.

मग परीक्षेच्या दिवसांत हे कॉर्टिसॉल आटोक्यात कसं ठेवायचं? 2003 साली झ्युरिकमधूनच याचं एक उत्तर आलं. 37 पुरुषांना अनोळखी परीक्षकांपुढे उभं राहून भाषण द्यायला आणि तोंडी गणितं सोडवायला लावलं. ज्यांनी ओरल दिली आहे त्यांना वेगळं काही सांगायला नको. काही जण तयारीची दहा मिनिटं एकटे होते, काहींबरोबर त्यांचा सगळ्यात जवळचा मित्र होता. परीक्षकांपुढे दोन्ही गटांतले एकटेच गेले, तरी मित्राबरोबर बसून गेलेल्यांचं कॉर्टिसॉल कमी चढलं. काहींच्या नाकात ऑक्सिटोसिनचा, म्हणजे जवळिकीशी जोडलेल्या संप्रेरकाचा, फवाराही मारला होता. ज्यांना मित्र आणि फवारा दोन्ही मिळालं त्यांचं सगळ्यात कमी. प्रयोग लहान आहे, फक्त पुरुषांवरचा आहे. पण ज्या दिवसांत आधाराची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच दिवसांत आपण तो तोडून टाकतो, हे मला त्यातून फार स्पष्ट दिसलं.

कट्ट्याचा दुसरा फायदा थेट मार्कांचा आहे. गेल्या पीएलमध्ये कॉलेजबाहेरच्या टपरीवर दोन मुली उभ्या होत्या. एकीने झेरॉक्सचा गठ्ठा पाठीमागे लपवला आणि म्हणाली, "तू सांग, मी फक्त ऐकणार." दुसरी थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम धडाधड म्हणून गेली: एकूण एन्ट्रॉपी, म्हणजे ढोबळमानाने विस्कळीतपणा, कधी कमी होत नाही. "बरं, मग पाण्याचा बर्फ होताना एन्ट्रॉपी कमी कशी होते?" बोलणारी थांबली. चहा निवला. पाच मिनिटांनी तिचं तिलाच सापडलं: पाण्यातून बाहेर पडलेली उष्णता भोवतालची एन्ट्रॉपी त्याहून जास्त वाढवते. ती पाच मिनिटं खोलीत चौथ्यांदा वाचण्यापेक्षा मोलाची होती.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हे मोजून दाखवलं. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. नंतर काहींनी तोच पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 टक्क्यांना 75. आठवड्याने उलटं झालं: पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 56. आणि याच संशोधनात, आपल्या जास्त लक्षात राहील अशी खात्री जास्त वेळा वाचणाऱ्यांनाच अधिक होती. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीचं ते आपल्याला येतं, असं वाटू लागतं. समोर मैत्रीण बसली की हा भ्रम टिकत नाही.

म्हणून सगळ्याच गप्पा सारख्या नाहीत. "तुझं किती झालं?" हा प्रश्न ताण उतरवत नाही, चढवतो, तो विचारणाऱ्यापासून पीएलपुरतं लांब राहिलेलं बरं. ग्रुपवर दर दोन मिनिटांनी येणाऱ्या मेसेजमध्ये सोबतही धड मिळत नाही आणि अभ्यासही तुटतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, फोन दप्तरात टाका आणि जेवणाआधी तासभर माणसांत बसा. अर्धा तास प्रश्न, अर्धा तास वाट्टेल ते.

तास जेवणाआधीचा, कारण रात्रीच्या गप्पा झोप खातात. एमआयटीत रसायनशास्त्र शिकणाऱ्या 100 विद्यार्थ्यांच्या मनगटावर सेमिस्टरभर झोप मोजणारे पट्टे बांधले होते. 2019 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. जास्त आणि नियमित झोपणाऱ्यांचे गुण चांगले होते. विद्यार्थ्यांच्या गुणांत जो फरक दिसला, त्यातल्या जवळपास पाव भागाचा संबंध झोपेशी लागत होता. पण आणखी एक गोष्ट त्यात दिसली, आणि ती मी दर वर्षी मुद्दाम वर्गात सांगते: फक्त पेपरच्या आदल्या रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध आढळला नाही. संबंध होता तो आधीच्या महिन्याभरातल्या झोपेशी. त्यामुळे आदल्या रात्री बाराला दिवा घालवूनही डोळा लागला नाही, तर घाबरून उठून पुस्तक उघडू नका. तसंच पडून राहा, आणि सकाळी हॉलमध्ये शिरण्याआधी पाच मिनिटं मैत्रिणीबरोबर पायरीवर बसा.