मोटारीतील सबवूफर

मोटारीच्या मूळ ध्वनियंत्रणेत खर्जाचा जो भाग येत नाही किंवा क्षीण येतो, तो वाजवण्यासाठी बसवलेला स्वतंत्र ध्वनिक्षेपक म्हणजे सबवूफर. त्याचा कार्यपट्टा साधारणपणे २० ते ८० हर्ट्‌झ, क्वचित १०० हर्ट्‌झपर्यंत असतो. पूर्वी आवाज सुधारायचा म्हणजे आधी हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डवरचे संगीतयंत्र, बदलायचे, अशी रीत होती. आता त्याच पडद्यावर मागचा कॅमेरा, वातानुकूलन आणि गाडीच्या निम्म्या सेटिंग्ज असल्याने ते काढणे सोयीचे राहिलेले नाही. त्यामुळे कंपनीची यंत्रणा जागेवर ठेवून तिला ॲम्प्लिफायर आणि सबवूफर जोडणे हाच सुधारणेचा रुळलेला मार्ग झाला आहे.

मूळ यंत्रणा खर्जात कमी का पडते, याचे उत्तर बरेचसे दारात सापडते. तिथला स्पीकर बहुधा साडेसहा इंची, हलक्या कोनाचा (कोन म्हणजे पुढे-मागे हलून आवाज काढणारा शंकूच्या आकाराचा पडदा) आणि लहान मॅग्नेटचा असतो. त्याच्या मागची पोकळी पातळ पत्र्याची आणि भोकांनी भरलेली असल्यामुळे कोनाच्या मागच्या बाजूने निघणारा आवाज पुढच्या आवाजाला येऊन मिळतो आणि खालचे स्वर एकमेकांना खोडून काढतात. त्यात भौतिकीचा नियमही आडवा येतो : तेवढ्याच जोराचा आवाज एक सप्तक खाली हवा असेल, तर कोनाला चौपट अंतर हलावे लागते. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्‌झला वाजते; ८२ हर्ट्‌झला १ मिलिमीटर हलणाऱ्या कोनाला तिच्यासाठी ४ मिलिमीटर हलावे लागेल, आणि दारातल्या स्पीकरची तेवढी झेप नसते. शक्तीचेही तसेच आहे. हेड युनिटवर ‘५० वॅट × ४’ असे छापलेले असले, तरी गाडीच्या सुमारे १४ व्होल्टवर थेट चालणारा ॲम्प्लिफायर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ असे जेमतेम २० वॅट देतो. छापील आकडा विकृतीसकट मोजलेला असतो. स्पीकर फाटू नये म्हणून अनेक उत्पादक आवाज वाढवला की खर्ज आपोआप उतरवण्याची सोयही करून ठेवतात.

म्हणूनच सबवूफर बसवल्यावर अनेकांच्या आधी लक्षात येते ते गायकाच्या आवाजातले मोकळेपण. मात्र ते मिळण्यासाठी दारांतल्या स्पीकरवरून खर्जाचे ओझे खरोखर उतरवावे लागते, आणि हे काम बहुतेक वेळा राहून जाते. कोणत्या स्पीकरला कोणते स्वर द्यायचे हे ठरवणारा प्रोसेसर नसेल तर स्पीकरच्या तारेत मालिकेत जोडलेला कपॅसिटरही थोडेफार साधतो. ४ ओहमच्या स्पीकरसाठी ८० हर्ट्‌झला सुमारे ५०० मायक्रोफॅरडचा, ध्रुवीयता नसलेला कपॅसिटर लागतो.

मोटारीची केबिन खर्जाला अनुकूल असते. ४० हर्ट्‌झच्या ध्वनितरंगाची लांबी सुमारे साडेआठ मीटर, म्हणजे गाडीच्या आतल्या लांबीच्या दुपटीहून जास्त असते. अर्धा तरंगही केबिनमध्ये मावेनासा झाला, की त्या खालच्या स्वरांना सगळी केबिन एकाच दाबाने आकुंचन-प्रसरण पावते आणि आवाज वाढत जातो. आत ३ मीटर लांब असलेल्या गाडीत ही सीमा ५७ हर्ट्‌झच्या आसपास येते. तिच्याखाली दर सप्तकाला सिद्धांततः १२ डेसिबलपर्यंत वाढ मिळते. फटी आणि लवचीक पत्रा यांमुळे प्रत्यक्षात ती कमी भरते. बंद पेटीतल्या सबवूफरचा आवाज आपल्या अनुनादाखाली, म्हणजे ज्या स्वराला तो सर्वांत सहज कंप पावतो त्याच्याखाली, नेमका याच दराने उतरतो, त्यामुळे उतार आणि चढ एकमेकांना बऱ्याच अंशी भरून काढतात. अमेरिकी संशोधक एडगर विलचर यांनी १९५४ मध्ये घरगुती स्पीकरसाठी प्रचारात आणलेली बंद पेटीची कल्पना मोटारीत इतकी चपखल बसते, ती या कारणाने.

पेटीला पोर्ट, म्हणजे हवेची नळी, ठेवल्यास त्याच शक्तीत जास्त आवाज निघतो. पण पेटी मोठी लागते, आणि ज्या स्वराला नळी जुळवलेली असते त्याच्याखाली कोनाला हवेचा आधार उरत नाही. तो बेफाम हलून व्हॉईस कॉइल (कोनाला हलवणारी तारेची गुंडाळी) निकामी होऊ नये म्हणून अगदी खालचे स्वर अडवणारा सबसॉनिक फिल्टर आवश्यक ठरतो. कोणत्या स्पीकरला किती आकारमानाची पेटी हवी, हे अभियंता नेव्हिल थील (१९६१) आणि त्यांच्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी मांडलेल्या परिमाणांवरून काढतात. अंदाजाने ठोकलेली पेटी महागड्या वूफरचीही माती करते. डिकी मोकळी ठेवायची असेल तर सीटखाली बसणारा, ॲम्प्लिफायर आतच असलेला चपटा सबवूफर मिळतो. तो ४० हर्ट्‌झच्या खाली फारसा जात नाही, पण कंपनीच्या आवाजाला तळ देण्यास बहुधा पुरेसा ठरतो.

या सगळ्या कामात सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे सिग्नल. मूळ हेड युनिटला बहुधा आरसीए आउटपुट, म्हणजे ॲम्प्लिफायरला द्यायच्या कमी व्होल्टच्या सिग्नलची जोडणी, नसते; म्हणून स्पीकरच्या तारांतून सिग्नल घेऊन लाइन आउटपुट कन्व्हर्टरने त्याचे व्होल्ट कमी करतात किंवा तो तसाच ॲम्प्लिफायरच्या हाय-लेव्हल इनपुटला देतात. वर सांगितलेला खर्ज उतरवण्याचा प्रकार अशा सिग्नलमध्ये तसाच येतो : गाणे मोठे केले की सबवूफर गप्प होत जातो आणि मालकाला ॲम्प्लिफायरच बिघडल्यासारखे वाटते. यावर सिग्नल सपाट करणारा डिजिटल प्रोसेसर हाच खरा उपाय आहे. काही गाड्यांत छताला बसवलेले मायक्रोफोन इंजिनाची घरघर ऐकून उलट कलेचा ध्वनी सोडतात आणि ती शमवतात. ही प्रणाली नव्या सबवूफरच्या खर्जालाही गोंगाट समजते. मग खर्ज विरतो किंवा केबिनभर एकसुरी घुमारा उठतो. अशा वेळी ती प्रणाली बंद करण्यावाचून बहुधा गत्यंतर नसते. ज्या गाड्यांत आवाज फायबर किंवा डिजिटल बसमधून वेगळ्या ॲम्प्लिफायरकडे जातो, तिथे त्या गाडीसाठी बनवलेला इंटरफेस किंवा मूळ ॲम्प्लिफायरनंतरच्या तारा, एवढेच पर्याय उरतात.

विजेच्या जोडणीत हयगय झाली तर गाडी पेटू शकते. ८० टक्के कार्यक्षमतेचा क्लास-डी ॲम्प्लिफायर ५०० वॅट देताना सुमारे ४५ अँपिअर प्रवाह ओढतो, म्हणून बॅटरीपासून स्वतंत्र जाड तांब्याची तार आणतात. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत असावा, कारण तो ॲम्प्लिफायरइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्या तारेसाठी असतो : आवरण कापले जाऊन तार पत्र्याला टेकली तर फ्यूजच्या अलीकडच्या तुकड्याला कोणीच वाली नसतो. इंजिनकक्षातून आत येताना ती रबरी ग्रॉमेटमधूनच (पत्र्याच्या भोकाच्या धारेपासून तार वाचवणाऱ्या कड्यातूनच) घ्यावी लागते. अर्थिंगची तार तितकीच जाड आणि शक्य तितकी आखूड ठेवतात; जिथे ती आवळायची तिथला रंग खरवडून चकचकीत धातू उघडा करतात. सीटबेल्टचा बोल्ट हाताशी असला तरी त्याला हात लावू नये. रंगावरच आवळलेल्या अर्थिंगची खूण म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढत जाणारी स्पीकरमधली शिट्टी. ‘फिल्टर लावा’ हा तिच्यावरचा ठरलेला सल्ला असतो, परंतु आधी तो बोल्ट उघडून पाहणे स्वस्त पडते. विद्युत मोटारीत पुरवठा १२ व्होल्टच्या बॅटरीतूनच घ्यायचा असतो. नारिंगी आवरणाच्या उच्चदाबाच्या तारांच्या वाटेला जायचे नसते.

ॲम्प्लिफायरवरचा ‘गेन’ हा आवाज वाढवण्याचा खटका नव्हे. येणाऱ्या सिग्नलशी ॲम्प्लिफायरची संवेदनशीलता जुळवणे एवढेच त्याचे काम. त्यासाठी सबवूफरची तार सोडवून ठेवतात, हेड युनिट तीन-चतुर्थांश आवाजावर आणून ५० हर्ट्‌झचा चाचणी-स्वर वाजवतात आणि आउटपुटवर मल्टिमीटर धरून गेन हळूहळू फिरवतात. शक्ती आणि रोध यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ जितके व्होल्ट येईल तिथे थांबायचे : ३०० वॅट आणि ४ ओहमला सुमारे ३४.६ व्होल्ट. फक्त खालचे स्वर पुढे जाऊ देणारा लो-पास फिल्टर ८० हर्ट्‌झच्या आसपास ठेवतात. तो फार वर गेला तर खर्ज डिकीतून येत असल्याचे कानाला कळते; नीट जुळला तर ड्रमचा ठोका समोरच्या काचेपाशी पडल्यासारखा वाटतो. फेजचा, म्हणजे कोनाची हालचाल उलटी-सुलटी करणारा, खटका ० आणि १८० अंशांवर आलटून-पालटून पाहताना एकाने चालकाच्या जागी बसावे आणि दुसऱ्याने खटका फिरवावा; जिथे खर्ज भरीव येतो ती बाजू बरोबर.

बारा इंची सबवूफरची पेटी सहज २० किलोग्रॅमपर्यंत जाते आणि अपघातात ती मोकळी सुटली तर मागच्या सीटवर आदळते. ती पट्ट्यांनी किंवा बोल्टांनी गाडीच्या सांगाड्याला जखडलेली असावी. सगळे जुळल्यावर शेवटी उरते ती खडखड. ३० ते ८० हर्ट्‌झचा स्वर सावकाश सरकवत गेले की नंबरप्लेट, डिकीचे झाकण, मागचा पार्सल ट्रे हे एकेक करून आपापल्या स्वराला बोलू लागतात. नंबरप्लेटच्या मागे फोमची पट्टी आणि झाकणाच्या आतल्या पत्र्यावर ब्युटिल रबराचा पत्रा चिकटवला की यांतले बहुतेक आवाज थांबतात.