सात की बारा? प्रौढांतील एडीएचडीच्या निदानाची पार्श्वभूमी

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा विकार. त्याच्या इतिहासातली लंडनमधली १९०२ ची व्याख्याने आणि १९३७ साली मुलांना दिलेले बेन्झेड्रीन हे उत्तेजक औषध, ही हकीकत ठिकठिकाणी वाचायला मिळते. ती इथे पुन्हा उगाळत नाही. प्रौढांपुरते बोलायचे तर सुरुवात १९७६ ची. त्या वर्षी अमेरिकेतल्या एका गटाने मिथाइलफेनिडेट या उत्तेजक औषधाची प्रौढांवरची चाचणी प्रसिद्ध केली. तोवर समज असा होता, की मूल वयात आले की चंचलपणा आपसूक ओसरतो. ओसरते ती बहुधा पळापळ. विसराळूपणा, अर्धवट टाकलेली कामे आणि वेळेचा चुकणारा अंदाज मागे उरतात. १९८० च्या अमेरिकी निदानपुस्तिकेने प्रौढांसाठी ‘अवशिष्ट प्रकार’ असा एक कोपरा दिला. त्याच आवृत्तीत एक अट होती, आणि आजचा निम्मा घोळ तिच्यातून निघालेला आहे: लक्षणे वयाच्या सातव्या वर्षाआधी सुरू झालेली हवीत.

सात हा आकडा कुठल्या अभ्यासातून आला नव्हता, तो जाणकारांनी बसून ठरवला. १९९४ च्या आवृत्तीतही तो टिकला, वर असेही होते की सातच्या आत नुसती लक्षणे नकोत, त्यांचा त्रासही दिसायला हवा. २०१३ साली सातचे बारा झाले. याची चर्चा खूप झाली. त्याच वेळी झालेला दुसरा बदल मात्र अनेकांच्या नजरेतून सुटतो: बाराच्या आत त्रास दाखवण्याची गरज उरली नाही, अनेक लक्षणे हजर असली की पुरे. शिवाय सतराव्या वर्षापासून पुढे, नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणांवर निदान करता येऊ लागले. टीकाकार म्हणाले, दार सताड उघडले. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही, पण गोव्यापुरते पाहिले तर सातची अट आंधळी होती, असेच म्हणावे लागते.

कारण इथल्या शाळांच्या रचनेत आहे. आज तिशी-चाळिशीत असलेल्या बऱ्याच गोवेकरांची प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी, आणि पाचवीपासून हायस्कूल इंग्रजीतून. १९९० च्या दशकात प्राथमिकचे सरकारी अनुदान मातृभाषेच्या शाळांनाच होते. इंग्रजी प्राथमिकलाही ते द्यायचा निर्णय २०११ चा. सातव्या वर्षी मूल पहिली-दुसरीत. गावच्या शाळेत पट लहान, बाई एकच, दप्तरात दोन-तीन वह्या. बाई समोरच बसवतात, वही उघडून देतात, राहिलेले उतरवून घेतात. हुशार मुलाची उणीव अशा व्यवस्थेत झाकून जाते. पाचवीत एकदम विषयागणिक शिक्षक, वेळापत्रक, वह्यांचा ढीग, बसची वेळ आणि वर नवी भाषा. दहाव्या वर्षी गुण घसरतात ते इथे. सातच्या अटीने अशी माणसे निदानाबाहेर जात. बाराच्या अटीने आत येतात, पण घसरण लक्षाची की इंग्रजीची, हा प्रश्न घेऊनच.

म्हणून नुसते ‘पाचवीपासून बिघडले’ या वाक्यावर निदान करू नये, आणि त्याच वाक्यावर ते नाकारूही नये. पहिली ते सातवीची प्रगतिपुस्तके मिळतील तेवढी आणावीत. अडचण भाषेची असेल तर मराठी, हिंदी, चित्रकलेचे गुण फारसे हलत नाहीत. गणितात नुसती आकडेमोड जमते, शाब्दिक उदाहरणे अडतात. आणि सातवीपर्यंत गाडी बऱ्यापैकी रुळावर येते. लक्षाची असेल तर मराठीचा निबंधही मध्येच तुटलेला असतो. गणितात रीत बरोबर आणि वजाचे चिन्ह गायब. एकाच विषयात एका चाचणीत पंचवीसपैकी एकवीस, पुढच्या चाचणीत नऊ. शेऱ्याच्या रकान्यात चौथीतच ‘हुशार आहे, पण वही अपूर्ण’ असते. हा चौथीतला शेरा मोलाचा, कारण तो माध्यम बदलण्याआधीचा आहे.

घरच्यांना ‘लहानपणी लक्ष द्यायचा का?’ असे विचारून काही हाती लागत नाही. ‘सगळीच मुले तशी’ हेच उत्तर येते. नेमके विचारावे. जून ते सप्टेंबरात किती छत्र्या हरवायच्या? दप्तर कितवीपर्यंत आई भरायची? दुकानात तीन वस्तू आणायला पाठवले तर किती यायच्या? मुलींच्या बाबतीत हे जास्तच लागू, कारण मागच्या बाकावर गप्प बसून खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलीची तक्रार कोणी करत नाही.

२०१५ साली न्यूझीलंडमधल्या एका दीर्घ अभ्यासाने मोठाच पेच टाकला: अडतिसाव्या वर्षी निदानात बसणाऱ्या बहुतेकांना बालपणी हा विकार नव्हताच. प्रौढपणी नव्याने सुरू होणारा वेगळा प्रकार असावा, अशी चर्चा सुरू झाली. पुढे २०१८ च्या एका बारकाईच्या तपासणीत अशा बहुतांश उशिराच्या प्रकरणांमागे व्यसन, नैराश्य किंवा इतर कारणे सापडली. इथल्या दवाखान्यात हे ध्यानात ठेवावेच लागते. कॅसिनो, हॉटेलातली रात्रपाळी आणि रोजची दारू यांनी लक्षाची जी दशा होते, ती प्रश्नावलीवर हुबेहूब एडीएचडीसारखी दिसते. सहा प्रश्नांच्या चाळणीत चार खुणा आल्या म्हणजे पुढे तपासा, एवढाच अर्थ. थायरॉइड, हिमोग्लोबिन, घोरणे, झोपेचे तास आणि दारूचे प्रमाण आधी पाहावे.

औषधांचा इतिहास कायद्याने घडवला. मिथाइलफेनिडेट १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली येते आणि औषध नियमांच्या ‘एक्स’ परिशिष्टातही. म्हणजे फार्मसीला वेगळा परवाना, गोळ्या कुलपात, चिठ्ठी दोन प्रतींत, त्यातली एक दुकानात दोन वर्षे जपायची. एकच प्रत घेऊन गेले की परत पाठवतात, आणि त्यात दुकानदाराचा दोष नसतो. गावातल्या फार्मसीत ते बहुधा नसतेच, म्हणून पेडणे-काणकोणसारख्या गोव्याच्या टोकाच्या तालुक्यांतल्या माणसाने शेवटच्या गोळीची वाट पाहू नये, आठवडा हाती ठेवून निघावे. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार हे औषध दूरस्थ सल्ल्यावर लिहिता येत नाही. अमेरिकेत प्रौढांना सर्रास दिली जाणारी ॲम्फेटामाइन गटातली औषधे तर भारतात मिळत नाहीत.

साध्या चिठ्ठीवर मिळते ते ॲटोमॉक्सेटिन. २००२ साली अमेरिकेत प्रौढांसाठीही मान्यता मिळालेले. इथे अनेकदा त्यानेच सुरुवात होते, त्याला ही सोयही कारण आहे. बरीच परदेशी मार्गदर्शक तत्त्वे त्याला दुसऱ्या पायरीवर ठेवतात. प्रौढांचा नेहमीचा डोस रोज ४० मिलिग्रॅमपासून ८० पर्यंत, कमाल १००. उपाशीपोटी घेतले की मळमळ, आणि तिथेच बरेच जण सोडून देतात. खरा परिणाम चार ते सहा आठवड्यांनी कळतो. नैराश्यावरचे फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन चालू असेल तर ॲटोमॉक्सेटिन रक्तात साचते, डोस कमी आणि वाढ सावकाश ठेवावी लागते. मिथाइलफेनिडेटचा परिणाम कळायला आठवडे लागत नाहीत. साधी गोळी अर्ध्या-एक तासात लागते आणि तीन-चार तासांत उतरते. ५ मिलिग्रॅम दोनदा, मग आठवड्याला थोडे वाढवत जायचे. दोन्हींत नाडी, रक्तदाब आणि वजन प्रत्येक भेटीत लिहून ठेवावे. डोस अर्थातच डॉक्टरने ठरवायचा.

बोटीवर किंवा आखातात नोकरीला जाणाऱ्यांनी मिथाइलफेनिडेट बॅगेत टाकण्याआधी त्या देशाचा नियम पाहावा. संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधासाठी आधी परवानगी काढावी लागते, त्यामुळे डॉक्टरचे पत्र आणि चिठ्ठीची प्रत तिकिटाच्या आधी तयार हवी. देशात नोकरीच्या ठिकाणी सवलत मागायची तर हाती फारसे काही नाही: २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही.